नाशिकच्या बसमधून डिझेल कधी जाणार?

प्रश्न विचारणाऱ्या मित्राचं म्हणणं थोडक्यात असं आहे: "मी सिडकोत राहतो, रोज सिटी बसने नाशिक रोडला जातो. परवा द्वारकेच्या सिग्नलवर शेजारच्या बसने तोंडावर काळा धूर सोडला. सगळीकडे इलेक्ट्रिक बस येतायत आणि आपण २०२१ मध्ये सीएनजी आणि डिझेल घेऊन बसलो. ही चूक नव्हती का? सिंहस्थापर्यंत सगळ्या बस इलेक्ट्रिक का करत नाहीत? आणि पुढे हायड्रोजनच येणार असेल, तर इलेक्ट्रिकवर तरी पैसे का घालवायचे?"

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती धरायचं आणि किती सोडायचं हे तुम्हाला ठरवता येईल. एकतीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये काढली. सुरुवात पिटात उतरून ग्रीसने माखण्यात झाली, शेवट केबिनमध्ये केएमपीएलचे तक्ते तपासण्यात. केएमपीएल म्हणजे लिटरला किती किलोमीटर. आमच्या धंद्यात माणसाची पत याच आकड्यावर ठरते. निवृत्तीनंतर काही वर्षं एका ठेकेदाराकडे सीएनजी गाड्यांची देखभाल पाहिली, आणि आता इलेक्ट्रिक डेपो उभारणारे कधीमधी सल्ल्याला बोलावतात. थोडक्यात, तिन्ही इंधनांनी मला रात्री-अपरात्री उठवलेलं आहे. त्यामुळे मी कुणाचाच भक्त नाही.

तुम्ही विचारताय की कोणतं इंधन चांगलं. डेपोत हा प्रश्न असा कधी पडत नाही. तिथे समोर शेड्यूल असतं: गाडी सकाळी किती वाजता बाहेर पडते, दिवसात किती किलोमीटर करते, टर्मिनसवर किती मिनिटं थांबते, दुपारी डेपोत येते का, रात्री कुठे उभी राहते, आणि एखादी बंद पडली तर तिच्या जागी काय धावतं. या सहा गोष्टी सांगा, मी इंधन सांगतो. त्या न सांगता इंधन विचारलंत, तर पायाचं माप न देता चप्पल मागण्यातली गत होते. आणि एकाच शहरात दोन शेड्यूलांची उत्तरं वेगळी निघू शकतात, हे आधी मान्य करून टाकू.

आता तो काळा धूर. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल. नोझल गळतंय, एअर फिल्टर चोक झालाय, टर्बो थकलाय किंवा पंपाचं सेटिंग हललंय, यांपैकी काहीतरी. एप्रिल २०२० पासून देशात विकली जाणारी नवी डिझेल गाडी बीएस-सिक्स असते, म्हणजे धुरावरच्या सरकारी नियमांच्या सहाव्या टप्प्यातली. तिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी असते, आणि पुढे युरियाचं पाणी फवारून नायट्रोजनचे ऑक्साइड मोडले जातात. डिझेलमधलं गंधक नव्वदच्या दशकात हजारो पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) होतं, आज ते १० पीपीएम आहे. धड स्थितीतल्या बीएस-सिक्स गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाला पांढरा रुमाल लावला तरी तो फारसा काळा होत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय. तुमच्या तोंडावर धूर सोडणारी गाडी बहुधा जुन्या पिढीतली असणार. सिटी बस होती, बाहेरगावची होती की कंपनीची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ती गाडी इलेक्ट्रिक होईपर्यंत थांबायची गरज नव्हती. नोझल तपासून घेतले असते तर त्याच आठवड्यात धूर थांबला असता. नवं तंत्रज्ञान येईल तेव्हा येईल, म्हणून आजची देखभाल टाळायची ही खोड मी फार जागी पाहिली आहे.

पण बीएस-सिक्स डिझेल शहरात सुखी नसतं, हेही खरं. काजळीची गाळणी भरली की ती जाळून साफ करावी लागते आणि त्यासाठी धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. हायवेवर ते आपोआप होतं. सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, ते द्वारका चौक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरपटणाऱ्या गाडीत होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, ड्रायव्हर तो दोन दिवस पाहत नाही, आणि तिसऱ्या दिवशी गाडी ताकद सोडते. डेपोत उभी करून स्कॅनर लावून जबरदस्तीने जाळणी करावी लागते. एकदा तर कुणीतरी युरियाच्या टाकीत नळाचं पाणी भरलं. सेन्सरने ते बरोबर पकडलं, इंजिनने ताकद कापली, आणि भरलेली गाडी पेगलवाडीच्या अलीकडे बैलगाडीच्या चालीने त्र्यंबकला पोहोचली. प्रवाशांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पूर्वीचं डिझेल इंजिन अडाणी पण काटक होतं. आताचं स्वच्छ आहे, पण नाजूक. ज्या गाडीला लांब पल्ला मिळतो तिथेच ते शोभतं. डिझेल शहरातून आधी जाणार आणि हायवेवरून नंतर, असं मी म्हणतो त्यामागे पर्यावरणाइतकंच हेही कारण आहे.

सीएनजीची चूक झाली का? ८ जुलै २०२१ ला नाशिक महापालिकेची बससेवा, सिटीलिंक, सुरू झाली. त्याआधी शहराची बस एसटी चालवायची. ताफा ठरला २५० चा, त्यात २०० सीएनजी आणि ५० डिझेल. त्या दिवसात बसून विचार करा: इलेक्ट्रिक बसची किंमत आजच्याहून जड, ती सांभाळलेली माणसं नाशिकमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि डिझेलच्या मानाने गॅस चांगलाच स्वस्त. दिल्लीचा दाखलाही समोर होता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बसना सीएनजीवर जायला लावलं आणि २००२ च्या अखेरीपर्यंत तो बदल झालाही. मी त्या जागी असतो तर बहुधा हेच केलं असतं. फक्त दोन गोष्टी मी जास्त जोरात विचारल्या असत्या.

पहिली गोष्ट भावाची. गॅसचा बराच भाग बाहेरून येतो. युक्रेनचं युद्ध पेटल्यावर जगभर गॅस भडकला आणि आपल्याकडे सीएनजी वर्षाच्या आत डिझेलच्या भावाला भिडायला धावला. बसचा ठेका किलोमीटरवर असतो: ठेकेदाराने गाडी पळवायची, पालिकेने किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा, तिकिटाचा गल्ला पालिकेचा. अशा ठेक्यात इंधन महागलं तर दर वाढवून देण्याचं सूत्र असतं. म्हणजे गॅस भडकतो मध्यपूर्वेत किंवा युरोपात, आणि खड्डा पडतो पालिकेच्या तिजोरीत. निविदेतलं हे एक पान बाकीच्या शंभर पानांपेक्षा महत्त्वाचं असतं, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट भरण्याची. डिझेल पाच-सात मिनिटांत भरतं. सीएनजीचं टाकं २०० बारच्या, म्हणजे हवेच्या दोनशे पट दाबाने भरावं लागतं, आणि पंपावर दाब असेल तरच ते भरतं. पाइपलाइन पोहोचलेली नसेल तर गॅस ट्रकवरच्या सिलिंडरच्या जुडग्यातून येतो. आम्ही त्याला कॅस्केड म्हणतो. कॅस्केड अर्धी रिकामी झाली की दाब उतरतो आणि गाडी पाऊण भरते. मे महिन्यात टाकं तापलेलं असतं, त्यामुळे काटा २०० दाखवतो पण किलोने गॅस कमीच बसतो. एका रात्री कॅस्केडचा ट्रक घाटात अडकला. पहाटे चारला माझ्यासमोर बाविसेक गाड्यांची रांग होती आणि पहिल्या फेरीची वेळ साडेपाच. तेव्हा मी जो धडा शिकलो तो इलेक्ट्रिकलाही लागू आहे, म्हणून सांगतो: इंधन गाडीत किती वेळात भरतं, हा प्रश्न ते किती स्वस्त आहे याच्याआधी विचारायचा असतो.

बाकी सीएनजी इंजिनाचे रोग ठरलेले आहेत. इंजिन डिझेलच्या घराण्यातलं पण आत स्पार्क प्लग. पावसाळ्यात प्लगच्या खोबणीत ओल गेली की मिसफायर. गॅस कोरडा असतो, त्यामुळे व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते. टाक्यांची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते, आणि त्या दिवसांत गाडी उभी. कार्बनच्या हिशेबातही सीएनजीचा फार मोठा पराक्रम नाही. किलोभर गॅस जळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड, आणि शहरात गाडी किलोला तीन-सव्वातीन किलोमीटरच देते. जे मिळतं ते कमी काजळी आणि शांत इंजिन. एक मात्र लक्षात ठेवा: शेण, भाजीबाजाराचा कचरा किंवा साखर कारखान्याची मळी यांपासून बनवलेला शुद्ध बायोगॅस याच गाडीत, एकही नट न बदलता, चालतो. नाशिकसारख्या कांदा, द्राक्षं आणि भाजीपाल्याच्या जिल्ह्यात ही गोष्ट किरकोळ नाही. म्हणून त्या २०० गाड्या भंगारात काढायची भाषा मला पटत नाही. त्यांचं आयुष्य पुरतं वापरावं, गॅस कुठला घालायचा ते बदलता येईल.

आता इलेक्ट्रिक. इथे थोडा हिशेब मांडतो, कारण बहुतेक वाद आकडे न मांडल्यामुळे होतात. डिझेल ९० रुपये लिटर, सीएनजी ९० रुपये किलो आणि डेपोला पडणारी वीज ९ रुपये युनिट धरू. हे भाव हलते आहेत; तुम्ही वाचाल त्या दिवशीचे घालून बघा. शहराच्या गर्दीत मोठी डिझेल बस लिटरला साडेतीन किलोमीटर देते, सीएनजी किलोला सव्वातीन, आणि एसी लावलेली इलेक्ट्रिक किलोमीटरला सव्वा युनिट खाते. म्हणजे एका किलोमीटरला डिझेल पावणेसव्वीस रुपये, सीएनजी पावणेअठ्ठावीस रुपये आणि वीज सव्वाअकरा रुपये. डिझेल आणि विजेत साडेचौदा रुपयांचा फरक. गाडी दिवसाला २०० किलोमीटर आणि वर्षाला ३३० दिवस पळाली तर ६६ हजार किलोमीटर होतात, आणि वर्षाला साडेनऊ लाखांच्या आसपास वाचतात.

छान वाटतं ना? आता उलटी बाजू. इलेक्ट्रिक बस डिझेलच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त किमतीला पडते. वरचे पैसे साठ लाख धरले तर ते फिटायला सहा-साडेसहा वर्षं लागतात. तीच गाडी दिवसाला १०० किलोमीटरच पळाली तर वर्षाची बचत पावणेपाच लाखांवर येते आणि पैसे फिटायला साडेबारा वर्षं. तोवर बॅटरी म्हातारी झालेली असते. गाडी तीच, बॅटरी तीच, वीज तीच. फरक फक्त शेड्यूलचा.

डिझेल बस घ्यायला स्वस्त आणि पळवायला महाग असते. इलेक्ट्रिक घ्यायला महाग आणि पळवायला स्वस्त. म्हणून इलेक्ट्रिक बस सगळ्यात जास्त पळणाऱ्या शेड्यूलवर लावायची, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीपुरती काढायची जादा गाडी, स्पेअर गाडी किंवा लग्नसराईची गाडी जुन्या डिझेलवर ठेवायची. मी पाहिलंय ते बरोबर उलटं. नवी कोरी इलेक्ट्रिक बस कौतुकाने सोप्या, छोट्या, दर्शनी मार्गावर लावतात, फोटो चांगले येतात, आणि दमवणारं शेड्यूल जुन्या डिझेलच्या डोक्यावर राहतं. मग वर्षअखेरीला हिशेब बसत नाही आणि दोष इलेक्ट्रिकला लागतो. तुमचा सिडको–नाशिक रोड मार्ग दिवसभर भरलेला, थांबे जवळजवळ, चढ बेताचा. इलेक्ट्रिकसाठी यापेक्षा चांगलं शेड्यूल शोधून सापडणार नाही. दर थांब्याला ब्रेक मारताना मोटर उलटी चालून थोडी वीज बॅटरीत परत घालते. तिथेच डिझेल गाडी फक्त ब्रेकचे लायनर झिजवते.

मग सगळ्याच का नाही? कारण बस विकत मिळते, डेपो विकत मिळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा योजना आणली, देशभरात १० हजार बस, आणि नाशिकच्या वाट्याला त्यातल्या ५० ठरल्या. पन्नास गाड्या, रोज २०० किलोमीटर, सव्वा युनिट: साडेबारा हजार युनिटं. चार्जिंगमधली गळती धरली तर पावणेचौदा हजार. ही वीज रात्रीच्या सहा तासांत द्यायची तर सव्वादोन-अडीच मेगावॉटची ओढ लागते. हा एखाद्या मध्यम कारखान्याचा लोड झाला. त्यासाठी उच्चदाबाची लाइन, ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, रस्ता खोदायची परवानगी. एका शहरात (नाव घेत नाही) मी गेलो तेव्हा बस येऊन तीन महिने झाले होते आणि केबलचा चर अजून अर्धाच खणलेला होता. पन्नास-साठ लाखांची बॅटरी पोटात घेऊन गाड्या धूळ खात होत्या, काचांवर पोरांनी बोटांनी नावं लिहिली होती. तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगतो, आधी विजेची जोडणी, मग चार्जर, मग माणसांचं प्रशिक्षण आणि सगळ्यात शेवटी बस. हा क्रम ऐकायला कुणाला आवडत नाही, कारण फीत कापायला बस लागते.

माणसांवरून आठवलं. डिझेलचा मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून सांगतो की तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय. इलेक्ट्रिक बस त्याला बहिरी वाटते. तिथे सहाशे व्होल्टच्या नारिंगी केबली असतात, रबरी हातमोज्यांशिवाय झाकण उघडायचं नसतं, आणि लॅपटॉपशिवाय रोग कळत नाही. माझे दोन जुने सहकारी पन्नाशीत हे शिकले. एक शिकला नाही, आणि तो माझ्यापेक्षा चांगला मेकॅनिक होता. सातपूरच्या आयटीआयमधली पोरं हे भराभर उचलतात. पण ब्रेक, सस्पेन्शन, स्टेअरिंग, दरवाजे, टायर हे सगळं तसंच राहतं, आणि खरं सांगायचं तर बस रस्त्यात बंद पडते ती बऱ्याचदा यांच्यामुळेच.

"वीज तर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशावरच बनते, मग फायदा काय?" हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कुणीतरी विचारणारच, आणि तो विचारायलाच हवा. देशाच्या ग्रिडमधलं सरासरी एक युनिट बनताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सव्वा युनिटाला साधारण ९०० ग्रॅम. डिझेलचं लिटर जळलं की २.७ किलो, म्हणजे किलोमीटरला पाऊण किलोच्या थोडं वर. तेल काढण्या-शुद्ध करण्यात निघणारा कार्बन धरला की तेही ९०० ग्रॅमच्या घरात जातं. म्हणजे आजच्या घडीला कार्बनमध्ये जवळपास बरोबरी. इलेक्ट्रिकच्या जाहिराती हे सांगत नाहीत. मात्र दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, तो धूर द्वारकेच्या चौकात, तुमच्या नाकाच्या उंचीवर निघत नाही. दोन, ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढत जाईल तशी आज घेतलेली इलेक्ट्रिक बस आपोआप स्वच्छ होत जाते. डिझेल बस मात्र वयाबरोबर घाणच होते. दुपारी बाराला टर्मिनसवर अर्धा तास चार्जिंग जमवलं तर तो फायदा आजही घेता येतो, आणि रात्रीचा लोडही हलका होतो.

घाटाबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते. कसारा ते इगतपुरी सुमारे ३०० मीटरची चढण. भरलेली सोळा टनांची गाडी तेवढी वर उचलायला चाकावर तेरा युनिटं लागतात, गणित करून बघा. उतरताना त्यातली निम्मी तरी परत मिळतात, आणि ब्रेकचा जळका वास येत नाही. एसटीच्या इलेक्ट्रिक बसची, शिवाईची, बॅटरी सुमारे ३२२ युनिटांची. नाशिक–पुणे २१० किलोमीटर, किलोमीटरला १.१ युनिट धरलं तर २३० युनिटं. चंदनापुरीचा घाट धरूनही पुण्यात गाडी पाव बॅटरी शिल्लक ठेवून पोहोचते, तिथे चार्ज होते, परत येते. पहिली शिवाई १ जून २०२२ ला पुणे–नगर धावली. १९४८ मध्ये त्याच तारखेला त्याच मार्गावर पहिली एसटी धावली होती. तारीख जुळवली कुणी ते माहीत नाही, पण मला बरं वाटलं. तर घाट हा अडथळा नाही. खरा अडथळा पुण्याच्या टोकाला चार्जर मोकळा मिळणं हा आहे, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी तो मिळेल का, हा.

हायड्रोजनचं थोडक्यात उरकतो. विजेने पाणी फोडून एक किलो हायड्रोजन करायला पन्नास-पंचावन्न युनिटं लागतात. बसला शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो लागतो. म्हणजे किलोमीटरला साडेचार युनिटं, जिथे बॅटरीची बस सव्वा युनिटात भागवते. शिवाय साडेतीनशे बारचा दाब, आणि तो भरायचा पंप. २०२३ मध्ये दिल्लीत अशा बस प्रयोगासाठी आल्या. जिथे चार्जिंगला वेळच नाही आणि अंतर फार, अशा ठिकाणी उद्या त्याला जागा असेल. नाशिकच्या सिटी बससाठी त्याची वाट पाहत बसणं म्हणजे घरात पोळी असताना पुरणपोळीसाठी उपाशी राहणं.

बाकीच्यांचंही तसंच. इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही. शुद्ध इथेनॉलवर चालणारं वेगळं इंजिन लागतं. नागपुरात २०१४ मध्ये अशी बस आणली गेली, रुजली नाही. बायोडिझेलमध्ये पाणी शोषण्याची खोड असते, टाकीच्या तळाला शेवाळासारखी घाण धरते आणि फिल्टर चोंदतात. पाच-सात टक्के मिसळलं तर इंजिनाला कळतही नाही. त्याच्या पुढे गेलं तर मला निदान दर पंधरा दिवसांनी टाकी उघडून पाहावी लागते. एलएनजी लांब पल्ल्याला ठीक. उणे १६२ अंशांवर द्रव केलेला गॅस, जागा कमी घेतो, पण गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की टाकीतला गॅस उकळून दाब वाढवायला लागतो. म्हणजे रोज पळणाऱ्या गाडीचं इंधन. आपल्याकडे मेट्रो निओचीही घोषणा झाली होती, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची. वरच्या तारेवरून वीज घेणारी रबरी चाकांची लांब बस. कल्पना तांत्रिकदृष्ट्या वाईट नव्हती, बॅटरी छोटी लागली असती. पण तारेखाली धावणारं काही अजून नाशिककरांनी पाहिलेलं नाही, त्यामुळे मी तिच्यावर शेड्यूल लावत नाही.

राहिला सिंहस्थ. तुमचा प्रश्न होता, तोवर सगळ्या इलेक्ट्रिक का नाही. २०२७ च्या पावसाळ्यात अमृत स्नानाच्या दिवशी नाशिकला जितक्या बस लागतील तितक्या एरवी वर्षभरात कधीच लागत नाहीत. २०१५ मध्ये शहराबाहेर वाहनतळ केले होते आणि तिथून आत बसने लोक आणले होते. त्या गाड्या राज्यभरातल्या आगारांतून येतात. जळगावची, धुळ्याची गाडी टाकी भरून येते, दिवसभर वाहनतळ ते शहर अशा फेऱ्या मारते, चिखलात उभी राहते, रात्री ड्रायव्हर तिच्यातच झोपतो. तीन दिवसांसाठी हजारो गाड्यांचे चार्जर उभारायचे आणि मग त्यांचं करायचं काय? अशा गर्दीला डिझेलच योग्य. त्याच वेळी रामकुंड-पंचवटीच्या जवळ, जिथे माणसाला माणूस चिकटून चालतो, तिथे धूर नकोच. म्हणून माझी सूचना अशी की ज्या काही इलेक्ट्रिक बस तोवर हाताशी असतील त्या गाभ्याच्या फेऱ्यांवर लावाव्यात, आणि बाहेरच्या रिंगणात डिझेल-सीएनजी ठेवावी. यात कुणाचं राजकारण नाही, फक्त कोणती गाडी रात्री कुठे उभी राहणार याचा विचार आहे.

म्हणजे तुमच्या तीन प्रश्नांवर माझं मत: २०२१ ची सीएनजी त्या वेळी समजण्यासारखी होती, सिंहस्थापर्यंत सगळं इलेक्ट्रिक होणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही, हायड्रोजनसाठी थांबू नये. वर्षं कितीची विचाराल, तर शहरातल्या दिवसभर पळणाऱ्या फेऱ्यांवर डिझेल जाणं दहा वर्षांच्या आत शक्य आहे, पण ते बस खरेदीपेक्षा विजेच्या जोडण्यांच्या वेगावर अवलंबून आहे. नाशिक–पुणे, नाशिक–बोरिवलीसारखे मार्ग त्याच्या मागोमाग.

सगळ्यात शेवटी काय जाईल, हेही सांगतो. सुरगाणा-पेठकडे जाणारी मुक्कामी गाडी. संध्याकाळी नाशिकहून निघते, नव्वदेक किलोमीटर घाटवाटांनी जाऊन रात्री एखाद्या पाड्यावर ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकून उभी राहते. चालक-वाहक समाजमंदिरात झोपतात, आणि पहाटे साडेपाचला ती दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं आणि सिव्हिलला निघालेली म्हातारी माणसं घेऊन परत फिरते. अंतराच्या हिशेबाने ती इलेक्ट्रिक करता येते. जाऊन-येऊन १८० किलोमीटर, बॅटरी पुरते. पण वाटेत दरड कोसळली आणि वळसा पडला, किंवा एखाद दिवशी गाडी चार्ज न होताच निघाली, तर त्या रानात तिला वीज द्यायला कुणी येत नाही, आणि दुसरी गाडी पाठवायला सकाळ उजाडते. डिझेल संपलं तर कॅन घेऊन मोटरसायकलवर माणूस जातो. असा मी स्वतः दोनदा गेलोय, एकदा भर पावसात. नाशिक जिल्ह्यातली शेवटची डिझेल बस कुठे पाहायला मिळेल असं पुढेमागे कुणी विचारलं, तर त्या पाड्यावर पहाटे पाचला जा म्हणावं.